शून्यापासून सुरू न होणारी पट्टी : राष्ट्रीय चाचण्यांतील गणित आणि आपली मुले

जून महिन्यात नववीच्या प्रवेशासाठी पालक येतात, तेव्हा बहुतेकांचा पहिला प्रश्न दहावीच्या निकालाविषयी असतो. मागील वर्षी एका वडिलांनी मात्र निराळाच प्रश्न केला. ते कोलशेत रस्त्यावरील एका जुन्या कारखान्यात फिटर होते. कारखान्याची जागा आता उंच इमारतींनी घेतली आहे आणि तेही अशाच एका इमारतीत देखभालीचे काम करतात. वर्तमानपत्राचे कात्रण पुढे करून त्यांनी विचारले, “सर, दहावीला शंभरातली चौऱ्याण्णव पोरं पास होतात म्हणता. मग हे सरकारच पुन्हा सांगतंय की नववीच्या पोरांना गणित येत नाही. ह्यातलं खरं काय?”

प्रश्न अगदी रास्त होता. त्या दिवशी मी दोन वाक्यांत दिलेले उत्तर मला स्वतःलाच पटले नाही. स्मरणिकेच्या निमित्ताने ते उत्तर येथे सविस्तर देण्याचा प्रयत्न करीत आहे.

प्रथम ही सर्वेक्षणे म्हणजे काय, ते पाहू. देशभरातील विद्यार्थ्यांची निवडक नमुन्यावर चाचणी घेऊन ‘शिकविलेले कितपत पोहोचले’ हे तपासण्याचे काम राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण करते. दहावीसाठी त्याची पहिली फेरी २०१५ मध्ये झाली. १३ नोव्हेंबर २०१७ रोजी तिसरी, पाचवी व आठवीच्या सुमारे २२ लाख मुलांची चाचणी झाली. पुढची मोठी फेरी १२ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली; तीत दहावीसह चार इयत्तांतील सुमारे ३४ लाख विद्यार्थी बसले. त्यानंतर ४ डिसेंबर २०२४ रोजी ‘परख’ या राष्ट्रीय मूल्यमापन केंद्राने तिसरी, सहावी व नववीच्या २१ लाखांहून अधिक मुलांची चाचणी ७८१ जिल्ह्यांत घेतली. या चाचण्यांत कोणाही विद्यार्थ्याला गुणपत्रिका मिळत नाही, कोणी नापास होत नाही आणि कोणाचा सत्कारही होत नाही. मुलांना तयारी करायला नवनीत नाही, अपेक्षित प्रश्नसंच नाही. म्हणूनच मला त्यांचे मोल अधिक वाटते.

आता आकडे. २०१७ मध्ये गणितातील बरोबर उत्तरांचे राष्ट्रीय प्रमाण तिसरीत ६४ टक्के, पाचवीत ५३ टक्के आणि आठवीत ४२ टक्के होते. २०२४ मध्ये ते तिसरीत ६०, सहावीत ४६ आणि नववीत ३७ टक्के आढळले. मधल्या २०२१ च्या फेरीत गुण टक्क्यांत दिलेले नसून ५०० च्या मापश्रेणीवर दिले आहेत : तिसरी ३०६, पाचवी २८४, आठवी २५५, दहावी २१६. येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. २१६ ला ५०० ने भागून ‘त्रेचाळीस टक्के’ असा अर्थ काढू नये. ती श्रेणी प्रश्नांची काठिण्यपातळी विचारात घेऊन बनविलेली असते, टक्केवारीशी तिचा थेट संबंध नाही. शिवाय २०१७ व २०२४ मधील इयत्ता निराळ्या आहेत, प्रश्नही निराळे आहेत. त्यामुळे ‘सात वर्षांत गणित पाच टक्क्यांनी घसरले’ अशी जी विधाने ऐकू येतात, ती करणाऱ्याच्या स्वतःच्या गणिताविषयी शंका उत्पन्न करतात.

तथापि तिन्ही फेऱ्यांत एक आकृती पुनःपुन्हा उमटते : जिना उतरावा तसे आकडे उतरत जातात. यावर कोणी म्हणेल, वरच्या इयत्तेचे प्रश्न कठीण असतात, म्हणून गुण उतरणारच. हा आक्षेप पडताळून पाहण्याचा एक साधा मार्ग आहे. त्याच मुलांचे त्याच दिवशीचे भाषेचे गुण शेजारी मांडावेत. २०१७ मध्ये भाषेचे प्रमाण अनुक्रमे ६७, ५८ व ५६ होते. म्हणजे भाषा व गणित यांतील अंतर तिसरीत ३, पाचवीत ५ आणि आठवीत १४. २०२४ मध्ये भाषा ६४, ५७ व ५४. अंतर ४, ११ आणि १७. भाषेतही उतार आहे, पण तो सौम्य आहे. मूल जसजसे वर चढते, तसतसे त्याचे गणित त्याच्याच भाषेच्या मागे पडत जाते. अंतराचे हे रुंदावणे प्रश्नांच्या काठिण्यावर ढकलून मोकळे होता येईल, असे मला वाटत नाही.

एक गोष्ट मात्र न्यायाने सांगितली पाहिजे. २०२१ च्या दहावीच्या चाचणीत सर्वांत कमी सरासरी गणिताची नव्हती. विज्ञानाची होती, २०६. सारा दोष गणिताच्या माथी मारण्याची आपली सवय जुनी आहे. त्याच फेरीला महासाथीची पार्श्वभूमीही होती. महाराष्ट्रात शहरांतील आठवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा उघडले आणि चाचणी झाली १२ नोव्हेंबरला. मध्ये दिवाळी. ज्या मुलाने मोबाइलच्या पडद्यावर, तोही भावंडांत वाटून घेतलेल्या, बीजगणिताची ओळख करून घेतली, त्याला उणेपुरे चाळीस दिवसही फळा पाहायला मिळाला नव्हता.

नववीच्या ३७ या आकड्याकडे थोडे अधिक थांबून पाहू, कारण नववीची मुले आपल्या वसतिगृहात नव्याने दाखल होतात. प्रश्न बहुपर्यायी असतात, चार पर्यायांपैकी एक बरोबर. काहीही न येणारा विद्यार्थी डोळे मिटून खुणा करील, तरी सरासरीने चारातील एक उत्तर बरोबर येईल. आता शंभर मुलांचा विचार करा. समजा, एखादा प्रश्न सोळा जणांना खरोखर येतो आणि उरलेले चौऱ्याऐंशी जण अंदाजाने खूण करतात. चौऱ्याऐंशींचा चौथा हिस्सा एकवीस. सोळा अधिक एकवीस, सदतीस. हा हिशोब ढोबळ आहे. अर्धवट समज असलेली मुले दोन पर्याय बाद करून उरलेल्यांतून निवडतात, त्यांचा त्यात विचार नाही. तरीही ३७ टक्के याचा अर्थ ‘शंभरातील सदतीस मुलांना येते’ असा घेण्याआधी हा हिशोब एकदा करून पाहावा. आणि प्रश्न नववीच्या वरच्या पातळीचे नव्हते. ते आठवीपर्यंतच्या टप्प्यात साध्य व्हावयाच्या क्षमतांवर होते.

मग दहावीचा निकाल चौऱ्याण्णव टक्के कसा? मार्च २०२५ च्या परीक्षेचा राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला, हे खरे आहे. त्याआधी २०२४ मध्ये तो ९५.८१ होता. पण निकालाचा आकडा किती गोष्टींवर हलतो, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे. २०१८ मध्ये तो ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये भाषा व सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण नव्हते. निकाल एकदम ७७.१० वर आला. पुढच्या वर्षी अंतर्गत गुण परतले आणि २०२० चा निकाल ९५.३० झाला. २०२१ मध्ये तर लेखी परीक्षाच झाली नाही आणि निकाल ९९.९५ टक्के लागला. मुले एका वर्षात एवढी मंद आणि पुढच्या वर्षी एवढी हुशार होत नाहीत. बदलले ते माप.

गणिताच्या शंभर गुणांत बीजगणिताचे चाळीस, भूमितीचे चाळीस आणि अंतर्गत मूल्यमापनाचे वीस असतात. उत्तीर्ण व्हायला पस्तीस लागतात. प्रश्नपत्रिकेचा साचा ठरलेला असतो. कोणत्या प्रश्नात कोणता घटक येईल याचा अंदाज बांधता येतो. प्रमेयाची सिद्धता पाठ करता येते, आलेखाचा प्रश्न सरावाने सुटतो. आम्ही शिक्षक हे जाणतो आणि मार्चजवळ येऊ लागला की तेच करतो. त्याबद्दल स्वतःला दोष देण्याची माझी तयारी नाही, कारण गुणपत्रिकेवर मुलाचा अकरावीचा प्रवेश अवलंबून असतो. एकूण टक्केवारी तर पाच उत्तम विषयांची धरली जाते, त्यामुळे गणितात जेमतेम निभावलेला विद्यार्थीही ऐंशी टक्क्यांचे पेढे वाटू शकतो. बोर्डाची परीक्षा ‘ठरवून दिलेले वेळेत मांडता येते का’ हे विचारते. राष्ट्रीय सर्वेक्षण ‘अनोळखी रूपात आलेले ओळखता येते का’ हे विचारते. त्या फिटर गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर असे की दोन्ही आकडे खरे आहेत, मात्र ते एकाच वस्तूचे वजन नाहीत.

या ‘अनोळखी रूपा’चे सर्वांत बोलके उदाहरण मला ‘असर’च्या अहवालात सापडले. २०२३ मध्ये या पाहणीने २८ जिल्ह्यांच्या ग्रामीण भागातील १४ ते १८ वर्षांच्या सुमारे ३५ हजार युवकांना घरी जाऊन काही कामे करायला दिली. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे उदाहरण ४३.३ टक्क्यांना सोडविता आले. दुसरे काम पट्टीने लांबी मोजण्याचे होते. वस्तू पट्टीच्या शून्यावर ठेवली, तेव्हा जवळजवळ ८५ टक्के युवकांनी अचूक लांबी सांगितली. तीच वस्तू शून्याऐवजी पुढे सरकवून ठेवली, तेव्हा हे प्रमाण ३९ टक्क्यांवर आले.

हे वाचून मी अभ्यासिकेच्या वेळी एक प्रयोग केला. वसतिगृहातील मुलांच्या पेट्यांत प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात आणि त्यांतील पुष्कळशा टोकाला तुटलेल्या असतात. अशी एक पट्टी घेतली, तीनपासून पुढे शिल्लक राहिलेली. एक पेन्सिल तिला लावून नववीच्या मुलांना लांबी विचारली. पेन्सिलचे दुसरे टोक नवावर येत होते. “नऊ सेंटिमीटर,” असे उत्तर चहूबाजूंनी आले. एक मुलगा मात्र बोटाने खाचा मोजत होता. त्याला विचारले, तर तो म्हणाला, “सर, सहाच घरं आहेत.” मग त्याच मुलांना फळ्यावर ९ – ३ विचारले, एकही चुकला नाही. वजाबाकी सर्वांना येत होती. लांबी म्हणजे दोन स्थानांमधील अंतर, आणि अंतर म्हणजे वजाबाकी, हा दुवा मात्र तुटका होता. पट्टी म्हणजे त्यांच्या लेखी ज्या अंकावर वस्तू संपते तो अंक वाचण्याचे साधन.

त्या फिटर वडिलांना हे सांगितल्यावर ते हसले. व्हर्नियर कॅलिपरचे जबडे पूर्ण मिटूनही काटा शून्यावर येत नसेल, तर येणारा फरक मापातून वजा करावा लागतो. त्याला शून्य-दोष म्हणतात. “आमच्या खात्यात नवीन पोरगा आला की पहिल्या आठवड्यात ह्याच्यावरूनच माल रिजेक्ट व्हायचा,” ते म्हणाले. आयटीआयच्या वर्कशॉप कॅल्क्युलेशनपासून अभियांत्रिकी पदविकेपर्यंत हीच वजाबाकी वाट अडवून उभी असते. निर्देशांक भूमितीतील दोन बिंदूंमधील अंतराचे सूत्रही तिचेच मोठे रूप आहे.

दुवा कोठे तुटतो, हे शोधायला खालच्या पायऱ्यांवर जावे लागते. २०२४ च्या सर्वेक्षणात तिसरीच्या केवळ ५५ टक्के मुलांना ९९ पर्यंतच्या संख्या चढत्या किंवा उतरत्या क्रमाने लावता आल्या. याची कारणे अनेक असतील आणि ती सर्व राज्यांत सारखी नसतील. मराठी माध्यमात मात्र एक खास अडचण आहे, आणि ती आपण मोठ्यांनी कधीच विसरून टाकली आहे. आपण ५७ लिहिताना आधी पाच लिहितो, म्हणताना मात्र ‘सत्तावन्न’, म्हणजे आधी सात उच्चारतो. त्यामुळे ऐकून लिहिणारे मूल ७५ लिहिते. ७९ ला तर ‘एकोणऐंशी’. नाव ऐंशीचे आणि संख्या सत्तरीतली. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ मध्ये ‘पन्नास सात’ असे वाचन जोडून दिले गेले, तेव्हा महाराष्ट्रभर केवढा गदारोळ झाला! मंगला नारळीकर तेव्हा गणित विषय समितीच्या अध्यक्ष होत्या; जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची ही नावे लहान मुलांना जड जातात, अशी त्यांची भूमिका होती. विनोद पुष्कळ झाले. आपल्या घरी जी भाषा बोलली जाते तीत हे शब्द कानावरून गेलेलेच नाहीत, अशा मुलाचा विचार त्या गदारोळात फारसा कोणी केल्याचे मला आठवत नाही. ‘सत्तावन्न’ हा शब्द टाकून द्यावा असे माझे मत नाही. पण तो शिकण्याला वेळ लागतो हे कबूल करण्यात मराठीचा कोणताही अपमान नाही.

दुसरी तुटकी पायरी अपूर्णांकांची. त्याच सर्वेक्षणात सहावीच्या २९ टक्के मुलांनाच अर्धा, पाव यांसारखे नेहमीचे अपूर्णांक दाखविता व त्यांची तुलना करता आली. हे वाचताना विशेष खंत वाटते, कारण अपूर्णांकांच्या बाबतीत मराठीइतकी श्रीमंत भाषा क्वचितच असेल. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडेतीन हे शब्द आपल्या तोंडी रोजचे आहेत. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे असत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. किनाऱ्यावरील कोळी बांधव भरतीची वेळ याच रीतीने काढत आले आहेत : तिथीची पाऊणपट करावी. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. भरती दर दिवशी सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्याचेच हे सोपे केलेले गणित. ते मुंबईच्या समुद्राचे. कोलशेतच्या खाडीपर्यंत पाणी आत यायला आणखी वेळ लागतो, तो वेगळा मिळवायचा. आपल्या एका विद्यार्थ्याच्या आजोबांना हा हिशोब तोंडी येत असे. नातू ३/४ × ८ हे उदाहरण वहीत मांडून, अंशाला अंशाने आणि छेदाला छेदाने गुणून, २४/४ वर थांबला होता. पाढे परत आणावेत असे मी म्हणत नाही. त्या पाठांतराने छड्याही पुष्कळ खाऊ घातल्या आहेत. आजोबांची पाऊणपट आणि नातवाचे ३/४ ही एकच वस्तू आहे, हे वर्गात कोणी तरी दाखवायला हवे होते. ते काम माझे होते.

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख आपल्या स्मरणिकेत यावा असे वाटले, त्याकडे येतो. राष्ट्रीय सर्वेक्षणाने सामाजिक गटांनुसारही सरासरी दिल्या आहेत. दहावीच्या गणितात अनुसूचित जाती व जमातींच्या विद्यार्थ्यांची सरासरी सर्वसाधारण गटापेक्षा कमी आहे. या वाक्याचा कोणता अर्थ लावायचा, याबाबत आपण सावध असले पाहिजे. सरासरी ही गटाची असते, मुलाची नसते. आणि घरी गणित विचारायला कोणी आहे का, शिकवणीचे पैसे आहेत का, अभ्यासाला कोपरा आहे का, हे प्रश्न त्या आकड्यात मिसळून गेलेले असतात. भाषेत मागे राहिलेले मूल ऐकून, वाचून, बोलून काही अंशी भर काढते. गणित मात्र वर्गाबाहेर सहसा आपोआप शिकले जात नाही. पाचवीत सुटलेली पायरी कोणी मुद्दाम परत दाखवावी लागते. ज्यांच्या घरी ती दाखविणारे कोणी असते आणि ज्यांच्या घरी नसते, त्यांच्यातील फरक नववीपर्यंत साचत जातो.

२०२४ मध्ये मंजूर झालेल्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात एक तरतूद आहे : गणितात किंवा विज्ञानात पस्तीसपेक्षा कमी, परंतु वीस वा अधिक गुण मिळालेल्या विद्यार्थ्याला पुढे जाता यावे, मात्र त्या विषयांवर आधारित शिक्षण त्याला घेता येणार नाही, असा शेरा गुणपत्रिकेवर असावा. यामागील सद्हेतू मी नाकारीत नाही. गणितात नापास झाल्यामुळे शाळाच सुटलेली मुले, विशेषतः मुली, मी पाहिल्या आहेत. तरीही तो शेरा कोणाच्या गुणपत्रिकांवर अधिक दिसेल, याचा अंदाज वरील परिच्छेदावरून बांधता येतो. पंधराव्या वर्षी मिटलेले दार विसाव्या वर्षी ठोठावून उघडत नाही. मुलाने स्वतः समजून-उमजून गणित सोडणे आणि पाऊणपट न समजल्यामुळे गणिताने मुलाला सोडणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

निवासी शाळेजवळ मात्र अशी एक गोष्ट आहे, जी इतर शाळांजवळ नाही : संध्याकाळ. सायंवंदनेनंतरचे दोन तास मुले आमच्यासमोर असतात. अनेक वर्षे आम्ही ते स्वाध्याय पूर्ण करून घेण्यात घालविले. मुले एकमेकांच्या वहीतून उतरवून घेत आणि आम्ही सह्या करीत असू. मागील जूनपासून त्यात थोडा बदल केला आहे. नववीत आलेल्या प्रत्येक मुलाला पहिल्या आठवड्यात गुण न देता एक तोंडी तपासणी दिली जाते. ऐकून संख्या लिहिणे, पाव आणि पाऊण यांतील मोठे ओळखणे, उणे तीन आणि उणे सात यांतील लहान सांगणे, ‘अनुक्रमे’ या शब्दाचा अर्थ सांगणे, असे प्रश्न त्यात असतात. या शेवटच्या प्रश्नाने आम्हांलाच पुष्कळ शिकविले. पुस्तकातील कितीतरी शाब्दिक उदाहरणे त्या एका शब्दापाशी अडून बसलेली होती. जो जेथे अडतो, तेथून त्याची संध्याकाळ सुरू होते, मग ती पायरी चौथीची का असेना. सुरुवातीला मोठ्या मुलांना लाज वाटली. दहावीतील दोन मुली खालच्यांना शिकवू लागल्या, तेव्हा ती कमी झाली.

यातून बोर्डाचा निकाल वाढेल की नाही, हे एवढ्यात सांगता येणार नाही. पुढील राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या नमुन्यात आपली शाळा येईलच असेही नाही. त्या फिटर गृहस्थांचा मुलगा आता दहावीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत घरून येताना त्याने वडिलांचा जुना कॅलिपर आणला. त्याचा काटा जबडे मिटल्यावर शून्याच्या थोडा पुढे राहतो. तुटक्या पट्टीशेजारी तोही आता अभ्यासिकेच्या कपाटात ठेवलेला आहे, आणि नववीची मुले आळीपाळीने त्यावर आपापल्या पेन्सिली मोजतात.